पेशीची सोबत

हे सावकाश वाचावं. एक परिच्छेद झाला की थोडं थांबावं, मनात जे उरलं असेल ते तसंच राहू द्यावं आणि मग पुढे जावं. आधी श्रवण, मग मनन, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. इथे ज्याचं श्रवण करायचं ते बोलणं फार बारीक आहे. ते ऐकू येण्यासाठी माणसांना आधी कितीतरी गोष्टी शांत कराव्या लागल्या.

मनगटावर दोन बोटं ठेवा. नाडी लागेपर्यंत वाट पाहा. बोटांखालून जे वाहतं आहे त्यातलं बरंचसं आपल्याला रिपोर्टवरून माहीत असतं: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, प्रत्येकीसमोर एक आकडा. आता या पेशींच्या मधल्या पिवळसर द्रवाकडे लक्ष न्या. तो रिकामा नाही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीने सोडलेल्या असंख्य इवल्या पिशव्या त्यात तरंगत असतात. शास्त्रज्ञ त्यांना व्हेसिकल म्हणतात. आपण पुटिका म्हणू. लाळेत त्या असतात, लघवीत असतात, आईच्या दुधातही असतात. या क्षणी तुमच्या शरीरात त्या सुटत आहेत आणि कुठे ना कुठे टिपल्याही जात आहेत.

किती लहान? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. यांतल्या ज्या पुटिकांना एक्सोसोम म्हणतात त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. डोक्यावरचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या आठशे पुटिका ओळीने मांडल्या की एका केसाची जाडी भरते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या असतात. पुटिका या लहरींहूनही लहान, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाने त्यांचा आकार पाहता येत नाही.

ती बनते कशी, हे पाहण्यासारखं आहे. इथे घाई नको.

पेशीभोवती मेदाचं दुपदरी आवरण असतं. हे आवरण जागोजागी आत वळतं, बाहेरचं काही पोटात घेतं आणि पेशीच्या आत एक कप्पा तयार होतो. मग त्या कप्प्याची भिंतही आत वळते, कप्प्याच्या पोटात, आणि तिथे लहान लहान पिशव्या साठू लागतात. भरलेला कप्पा सरकत पेशीच्या कडेला येतो, आवरणाला मिळतो, उघडतो, आणि पिशव्या बाहेर सुटतात. दोन वळणं झाली. पहिल्या वळणात पेशीची बाहेरची बाजू कप्प्याच्या आत गेली. दुसऱ्या वळणात ती पुन्हा बाहेरच्या अंगाला आली. त्यामुळे सुटलेल्या पुटिकेच्या पृष्ठभागावर पेशीच्या पृष्ठभागावरचीच प्रथिनं असतात, तोंड बाहेर करून, आणि पोटात पेशीच्या पोटातला रस असतो. आतलं आत राहिलं, बाहेरचं बाहेर राहिलं. जिने तिला सोडलं तिची मांडणी पुटिका जशीच्या तशी घेऊन निघते.

काही पुटिका या लांबच्या वाटेने जात नाहीत. पेशीच्या कडेलाच फुगवटा येतो आणि तो तुटून सुटा होतो. अशा पुटिका मोठ्या असतात, हजार नॅनोमीटरपर्यंतच्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तर त्याहून कितीतरी मोठ्याही दिसल्या आहेत. एकदा नळीत जमा झाल्या की कोणती कुठून सुटली हे खात्रीने सांगणं अवघड जातं.

आता मन थोडं मागे न्या. पीटर वुल्फ यांनी १९६७ मध्ये रक्तातल्या या कणांचं वर्णन केलं तेव्हा त्यांना प्लेटलेट्सची धूळ म्हटलं होतं. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन आणि बिन-ताओ पान मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी पाहत होते, आणि त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुइसमध्ये फिलिप स्टॉल आणि क्लिफर्ड हार्डिंग उंदराच्या. कोवळ्या तांबड्या पेशीला लोह आत घेण्यासाठी पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन लागतं. पेशी पिकली की त्याची गरज संपते. ते जातं कुठे? दोन्ही प्रयोगशाळांना दिसलं की पेशी ते प्रथिन इवल्या पिशव्यांत भरून बाहेर टाकते. निष्कर्ष सरळ होता: नको असलेलं टाकून देण्याची ही पद्धत. पुढची बरीच वर्षं पुटिकेकडे केराच्या पिशवीसारखंच पाहिलं गेलं.

त्या पाहण्याला मी चूक म्हणणार नाही. तांबड्या पेशीच्या बाबतीत ते खरंच आहे. पण टाकलेली वस्तू ज्याच्या दारात पडते त्याच्यासाठी ती काय असते, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नव्हता. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विचारला. रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या बी पेशींनी सोडलेल्या पुटिका त्यांनी त्याच कामातल्या टी पेशींसमोर ठेवल्या, आणि टी पेशी जाग्या झाल्या. टाकलेलं कुणीतरी वाचत होतं.

२००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला यान ल्योटवाल यांच्या गटाने त्याहून पुढचं दाखवलं. पुटिकांच्या पोटात प्रथिनांबरोबर आरएनए असतो. आरएनए म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं याची पेशीतली चालू सूचना, किंवा काही लहान आरएनएच्या बाबतीत, कोणती सूचना दाबून ठेवायची याची सूचना. त्यांनी उंदराच्या पेशींच्या पुटिका माणसाच्या पेशींना दिल्या, आणि माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं सापडली. इथे जरा थांबा. एका पेशीने दुसरीला वस्तू दिली असं नुसतं घडलेलं नाही. दुसरीने पहिलीची सूचना वाचली आणि आपल्या हातांनी ती पुरी केली.

मग २००८. बॉस्टनमध्ये योहान स्कोग, झँड्रा ब्रेकफील्ड आणि त्यांचे सहकारी ग्लिओब्लास्टोमावर, म्हणजे मेंदूतल्या एका फार उग्र कॅन्सरवर, काम करत होते. त्या गाठीच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी आत घेत होत्या आणि त्यांतला आरएनए वाचत होत्या. गाठीतला एक बदललेला जनुक-संदेश काही रुग्णांच्या रक्तातल्या पुटिकांतही सापडला. कवटीच्या आत असलेली गाठ दंडातून काढलेल्या रक्तात ओळखीची खूण सोडत होती. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये यानुश राक यांच्या गटाला दिसलं की हाच बदल असलेल्या पेशी आपलं बदललेलं प्रथिन पुटिकांतून शेजारच्या, तो बदल नसलेल्या पेशींना देतात, आणि त्या शेजारणीही मग तसं वागू लागतात.

इथे मनात भीती उठते. ती उठू द्या. कॅन्सर हा शब्द ज्या घरात शिरला आहे त्या घरात हा परिच्छेद जड जाईल, हे मला ठाऊक आहे. पण भीतीबरोबर दुसरी एक गोष्टही मनाशी धरा: यातली एकही रीत कॅन्सरने शोधलेली नाही. आत वळणारं आवरण, कप्पे, पृष्ठभागावरची प्रथिनं, आरएनए भरणं, आरएनए वाचणं, हे सगळं शरीराचं आहे आणि फार जुनं आहे. प्रतिकारशक्ती याही रीतीने शिकते. जखम भरताना पेशी याही रीतीने एकमेकींना बोलावतात. कॅन्सरची पेशी ही कधीकाळची आपलीच पेशी, आणि ती आपल्याच शरीराच्या भाषेत बोलते. म्हणून शत्रू हा शब्द मला इथे पुरत नाही. लढाई, शत्रू, विजय या शब्दांनी काही रुग्णांना बळ येतं, हे खरं. पण कितीतरी जणांवर त्यांचं ओझं होतं, आणि आजार वाढला की आपण लढलो नाही अशी बोच मागे राहते. ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ हा प्रश्न आपल्या वॉर्डांमधून रोज विचारला जातो. तंबाखू आणि मिश्री तोंडाच्या कॅन्सरला कारण होतात, हे सांगायलाच हवं आणि ते टाळताही येतं. पण आपली पेशी आपल्या भाषेत वेगळं बोलू लागली, याचा माणसाच्या पापपुण्याशी काही संबंध नाही.

‘पसरला नाही ना?’ बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरचे आधी हे विचारतात. पुढच्या भागात हाच प्रश्न मनाशी ठेवा.

लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या. कॅन्सर रक्ताबरोबर कुठेही वाहत जाऊन रुजत असता तर सगळ्या अवयवांत सारखा दिसायला हवा होता. तसं दिसलं नाही. यकृत पुन्हा पुन्हा, प्लीहा क्वचित. पॅजेट यांनी लिहिलं की बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते अनुकूल जमिनीत. शंभराहून अधिक वर्षं हा विचार पाठ्यपुस्तकांत राहिला. जमीन अनुकूल होते कशी, हा प्रश्न मात्र तसाच होता.

न्यूयॉर्कमधल्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो आधुनिक जीवशास्त्रातल्या फार विचार करायला लावणाऱ्या प्रयोगांपैकी एक वाटतो. वेगवेगळ्या अवयवांकडे जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशींच्या पुटिका त्यांनी तपासल्या. पुटिकांच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं जोड्यांनी असतात, आणि ती प्रत्येक वेळी सारखी नव्हती. एका जोडीच्या पुटिका फुफ्फुसात उतरत, दुसऱ्या जोडीच्या यकृतात. पुटिका आधी पोहोचत. तिथल्या स्थानिक पेशी त्यांना आत घेत आणि बदलू लागत. मग त्यांनी उंदरांना फुफ्फुसाकडे जाणाऱ्या पेशींच्या नुसत्या पुटिका काही आठवडे दिल्या. त्यानंतर ज्या पेशी एरवी हाडाकडे जातात त्या सोडल्या. त्या पेशी फुफ्फुसात रुजल्या.

हे हळू हळू पुन्हा वाचा. तिथे एकही कॅन्सरची पेशी पोहोचलेली नव्हती. नुसतं बोलणं पोहोचलं होतं, आणि त्या बोलण्याने जागा तयार झाली होती. ‘पसरला नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर स्कॅनवर दिसणाऱ्या डागांत शोधलं जातं, आणि उपचारांसाठी तेच योग्य आहे. पण डाग दिसण्याच्या कितीतरी आधी एखाद्या अवयवातल्या निरोगी पेशी काहीतरी ऐकत असतात. त्या ऐकण्यात आपण हात घालू शकू का, या एका आशेवर आज कितीतरी प्रयोगशाळा उभ्या आहेत. उंदरांत विशिष्ट इंटिग्रिन अडवल्यावर पुटिकांचं उतरणं आणि कॅन्सरचं रुजणं, दोन्ही कमी झालं.

आता प्रयोगशाळेत जाऊ. हे बोलणं माणसाच्या शरीरात थेट ऐकता येत नाही. त्यासाठी पेशी शरीराबाहेर वाढवावी लागते.

१९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता घेतला गेला. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी काचेत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. हेला पेशी म्हणून त्या आज जगभर आहेत. ती स्वतः त्याच वर्षी गेली. पुढे काय काय सापडलं ते सांगताना या स्त्रीचं नाव मनात असावं, असं मला वाटतं. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे याच जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याची ही विद्या आपल्याकडे एका मराठी बाईच्या हातून आली, याचा आनंद मला लपवता येत नाही.

काचेत किंवा प्लास्टिकच्या सपाट ताटलीत पेशी एका थरात पसरते. खाली प्लास्टिक, वर पातळ अन्नद्रव, दोन बाजूंना शेजारणी. वरखाली कुणी नाही. शरीरातली पेशी सहसा अशी राहत नाही. तिला सगळ्या बाजूंनी स्पर्श असतो, तिच्याभोवती तंतूंची मऊ जाळी असते, आणि गाठीच्या आतल्या पेशीपर्यंत प्राणवायूही जेमतेम पोहोचतो. घरात भरभरून बोलणारा माणूस सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे दोन शब्दांत आटपतो. सपाट ताटलीतल्या पेशीचं तसंच काहीसं होतं. तिने जे सांगितलं ते खोटं नसतं. पण ते त्या खिडकीपुरतं असतं.

म्हणून माणसांनी पेशीसाठी जागा बदलली. डोळे मिटून हे मनात पाहा: एका झाकणाच्या खालच्या बाजूला द्रवाचे थेंब लोंबत आहेत. प्रत्येक थेंबात काही हजार पेशी. टेकायला तळ नाही, म्हणून त्या थेंबाच्या टोकाशी एकमेकींकडे येतात आणि एकमेकींनाच धरतात. काही दिवसांत एक लहानसा गोळा होतो. त्याला स्फेरॉइड म्हणतात. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढला की त्याच्यात आपोआप थर पडतात. बाहेरच्या पेशी वाढत राहतात. त्यांच्या आत गप्प झालेल्या, विभाजन थांबवलेल्या पेशी असतात. मधोमध, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे पेशी मरतात. प्राणवायू ऊतीत साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच शिरतो. या एका मर्यादेतून ही सगळी रचना उभी राहते. खऱ्या गाठीतही असेच प्रदेश असतात. आणि प्राणवायू कमी पडलेली पेशी जास्त पुटिका सोडते, असं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत दिसलं आहे. गुदमरलेली पेशी अधिक बोलते. सपाट ताटलीत कुणी गुदमरतच नाही, म्हणून ते बोलणं तिथे ऐकूच येत नाही.

दुसरी वाट ऑर्गनॉइडची. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये आतड्यातली एकच मूळपेशी मऊ जेलमध्ये ठेवली. तिच्यातून आतड्याच्या अस्तरासारखी घडण उमलली. पुढे रुग्णाच्या गाठीच्या तुकड्यातूनही असे ऑर्गनॉइड वाढवता येऊ लागले. ते जेल बहुतेक वेळा उंदराच्या एका विशिष्ट गाठीपासून काढलेलं असतं. माणसाच्या गाठीला मोकळं बोलता यावं म्हणून दुसऱ्या एका गाठीची गादी अंथरावी लागते. आणि त्या गादीतही तिचे स्वतःचे शब्द शिल्लक असतात.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं रेंगाळतो. पेशी वाढवताना अन्नद्रवात गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचा सीरम घालण्याची पद्धत आहे. त्या सीरममध्ये त्या वासराच्या पुटिका असतात, आणि त्याही माणसाच्या पुटिकांएवढ्याच. कॅन्सरच्या पेशीने काय सांगितलं हे ऐकायला बसावं आणि त्यात कधीच न जन्मलेल्या वासराचा आवाज मिसळलेला असावा. म्हणून सीरम आधी रात्रभर यंत्रात फिरवतात, गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने, म्हणजे पुटिका तळाला बसतात. तरीही काही उरतातच. मग काही काळ पेशींना सीरमशिवाय ठेवतात, आणि उपाशी पेशी पुन्हा वेगळंच बोलते. ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की कोणता गोंगाट चालेल. या क्षेत्रातल्या संशोधकांनी आपली एक आंतरराष्ट्रीय संस्था केली आणि २०१४ पासून पुन्हा पुन्हा नियम लिहिले: पुटिका कशा वेगळ्या केल्या, कोणत्या खुणांनी ओळखल्या, काय वगळलं, हे सगळं सांगायचं. असे नियम वाचायला रुक्ष असतात. पण त्यांच्यामागे मला ऐकण्याविषयीचा आदर दिसतो.

२०१९ मध्ये जठराच्या कॅन्सरच्या पेशींवर पोर्तुगालमधून आलेल्या एका अभ्यासात तेच बियाणं दोन ठिकाणी वाढवून पाहिलं, सपाट ताटलीत आणि गोळ्यात. पुटिकांतला मजकूर दोन्हीकडे वेगळा निघाला: गोळ्यातल्या पुटिकांत नियंत्रण करणारे लहान आरएनए वाढलेले, प्रथिनं घटलेली. जनुकं तीच, पेशीचा वंश तोच. फक्त सोबत बदलली होती.

इथे पुस्तक किंवा कागद जरा बाजूला ठेवा आणि ही एक गोष्ट मनात घोळू द्या. पेशी काय आहे, हे तिच्या आत पाहून सगळं कळत नाही.

ह्यूस्टनमधल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये दिहुआ यू यांच्या गटाने २०१५ मध्ये याची उलटी बाजू दाखवली. आतापर्यंत आपण कॅन्सर बोलतो आणि शरीर ऐकतं असं पाहिलं. मेंदूत पोहोचलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी त्यांनी पाहिल्या. त्या पेशींत पीटेन नावाचं प्रथिन बंद पडलेलं होतं. हे प्रथिन वाढीला लगाम घालतं. जनुकात बिघाड नव्हता. जनुक शाबूत होतं, नुसतं गप्प होतं. कुणी गप्प केलं? मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींनी. चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या या निरोगी पेशी. त्यांनी सोडलेल्या पुटिकांत एक लहान आरएनए होता आणि तो आलेल्या पेशींतला पीटेन दाबत होता. त्याच कॅन्सरच्या पेशी मेंदूतून काढून दुसरीकडे वाढवल्या की पीटेन परत येत असे. ॲस्ट्रोसाइटचं पुटिका सोडणं थांबवलं तेव्हा मेंदूतली वाढ मंदावली.

त्या ॲस्ट्रोसाइटवर राग येतो का, ते पाहा. मला येत नाही. ती आपल्या शेजाऱ्यांना रोज जे सांगते तेच तिने आलेल्या पेशीलाही सांगितलं. ऐकणारी मात्र वेगळी होती.

अनेक वर्षं एक शंका उरली होती. हे सगळं उंदराला बाहेरून भरपूर पुटिका टोचून पाहिलेलं. शरीरात, नेहमीच्या प्रमाणात, असं घडतं का? युट्रेख्टमधल्या याको फान रेनन यांच्या गटाने २०१५ मध्ये एक उपाय केला. त्यांनी उग्र कॅन्सरच्या पेशींत असं एन्झाइम बसवलं की त्याचा संदेश ज्या पेशीला पोहोचेल तिचा रंग लालचा हिरवा व्हावा. मग जिवंत उंदरातल्या गाठीत सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. त्याच गाठीतल्या मवाळ, लाल पेशींपैकी थोड्या, फार थोड्या, हिरव्या झाल्या. आणि त्या हिरव्या पेशी त्यांच्या लाल बहिणींपेक्षा अधिक हलत होत्या, अधिक दूर जात होत्या.

थोड्याच का? याचं उत्तर घेणाऱ्या पेशीत आहे. ती पुटिकेला आत घेते ती कप्प्यात, आणि कप्प्याची वाट बहुतेक वेळा पेशीच्या पाचक कोठ्यांकडे जाते. तिथे पुटिका विरघळते आणि तिचे घटक दुसऱ्या कामाला लागतात. आतला आरएनए मोकळा व्हायचा तर पुटिकेचं आवरण कप्प्याच्या आवरणात मिसळायला हवं, आणि हे प्रयोगांत फार क्वचित घडताना दिसतं. म्हणजे पोहोचलेल्या बोलण्यातलं बहुतेक पचवलंच जातं.

सगळ्या पुटिकांना आत शिरावंही लागत नाही. २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या वेई ग्वो यांच्या गटाला मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, पुटिकांवर पीडी-एल१ हे प्रथिन सापडलं. टी पेशीला आवरून धरणारी हीच ती खूण, जिला अडवण्यासाठी आजची कितीतरी इम्युनोथेरपीची औषधं दिली जातात. या पुटिका टी पेशीच्या पृष्ठभागाला टेकतात, तेवढ्याने ती थंडावते. गाठीपासून दूर, रक्तातच. दोन वळणं घेऊन बाहेर आलेल्या पृष्ठभागाचा अर्थ इथे कळतो: पेशीच्या पृष्ठभागावर जे बाहेर तोंड करून होतं तेच पुटिकेवरही बाहेर तोंड करून आहे, म्हणून ती टेकली तरी पुरतं.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी रुग्णाच्या गाठीपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडशेजारी त्याच रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिकार पेशी ठेवल्या. काही रुग्णांच्या टी पेशी त्या गाठीला ओळखायला शिकल्या आणि तिच्यावर चालून गेल्या, तर निरोगी ऊतीच्या ऑर्गनॉइडला त्यांनी धक्का लावला नाही. आता अशाच जोड्यांमध्ये पुटिकांचं बोलणं अडवून, पुन्हा चालू करून पाहायचं आहे. एका माणसाची गाठ, त्याच माणसाच्या टी पेशी, आणि त्यांच्यामधला थेंबभर द्रव.